बेबीच्या जागी डबी

बेबी : नको. हा नको. पुढचा दाखवा.

दुकानदार : मॅडम, यांनी अजून एकच सूर वाजवलाय.

बेबी : एका सुरात कळतं हो. आम्ही बाह्या बघून अख्ख्या सदऱ्याचं सांगतो.

वहिनी : बेबी, जरा दम धर. माझा गिटारचा पट्टासुद्धा नीट बसला नाही अजून.

दुकानदार : बेबी म्हणजे... या?

बेबी : मीच. का, पटत नाही? घरात शेंडेफळ होते, नाव चिकटलं ते पन्नाशी उलटली तरी सुटेना. ही माझी वहिनी. थोरल्या भावाची बायको. हिला डिले पेडल घ्यायचंय, आणि मी सोबत आलेय नाकं मुरडायला.

वहिनी : निवडायला.

बेबी : तेच ते.

दुकानदार : पण यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? बघा, काम अगदी साधं. ही डबी पायाशी ठेवायची. गिटारची वायर हिच्यात, हिच्यातून अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटीकडे. पायाने दाबली की चालू. मग तुम्ही जे वाजवाल ते ही क्षणभराने परत ऐकवते. एकदा, दोनदा, सांगाल तितक्यांदा. आणि हा पीस तर काय स्वच्छ आहे! जसंच्या तसं परत देतो. कणभर इकडचं तिकडे नाही.

बेबी : तिथेच तर घोडं अडलंय. इतका आज्ञाधारक मला चालायचा नाही. वहिनीचा हात घसरला तर हाही मान खाली घालून मागोमाग घसरणार. कोणीतरी उलटून बोलायला नको?

दुकानदार : मॅडम, पेडल उलटून बोलत नाही.

बेबी : मी बोलायचे.

वहिनी : हिचं मनावर घेऊ नका. त्याचं असं आहे, आम्ही दोघी मिळून गिटार वाजवतो. मी एक ओळ वाजवते, तीच ओळ ही किंचित मागून वाजवते. दोन्ही ओळी एकमेकींत मिसळतात. ती आमची खासियत म्हणा. लोक त्यासाठीच येतात.

दुकानदार : अच्छा! म्हणजे या तुमच्या डिले!

बेबी : बघ वहिनी. इतकी वर्षं वाजवलं आणि या गृहस्थांनी मला एका शब्दात गुंडाळून ठेवलं.

दुकानदार : नाही नाही, मी कौतुकाने म्हटलं.

बेबी : आणि खासियत कसली डोंबलाची! अपघात झाला तो. हिने मला शिकवलं तेच असं. ही वाजवणार, मी हिच्या बोटांकडे बघून मागून वाजवणार. पहिल्यांदा लोकांसमोर बसलो तेव्हा माझी जी गाळण उडाली, घरी घोटलेलं सगळं डोक्यातून साफ. मग काय करता? हिच्या बोटांवर डोळे लावले आणि एकेक ओळ मागून ढकलत नेली. म्हटलं, झाली आज शोभा. तर लोक टाळ्या थांबवेनात!

वहिनी : एकाने येऊन विचारलंसुद्धा, हा प्रकार कुठे शिकलात म्हणून.

बेबी : आणि ही काय म्हणाली माहितीये? ‘आम्ही तो घरीच बसवलाय.’ चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता! तेव्हापासून ती थाप निभावतोय.

दुकानदार : पण मग पेडल कशाला हवंय? दोघी आहात की.

बेबी : हा हात बघा. डावा. मूठ वळ म्हटलं की तीन बोटं ऐकतात. ही शेवटची दोन नुसती बघत बसतात. स्कूटरवरून पडले.

दुकानदार : अरेरे. फार जोरात होती का?

बेबी : उभी होती.

दुकानदार : उभी?

वहिनी : स्टँडवर. सीटवर चढून ओसरीचा पडदा लावत होती. घरात शिडी आहे, बरं का.

बेबी : शिडी आत होती, स्कूटर समोर होती. असो. शिवणकाम निभतंय, कात्री उजव्या हातात असते. पण गिटारच्या तारा दाबायच्या डाव्या हाताने, आणि त्याला ही दोन बोटं लागतात. डॉक्टर म्हणाले, बोटं सुटली तेवढी सुटली, याहून जास्त आशा ठेवू नका. शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. ही एकटी बसणार. आता माझ्या जागेवर कोण बसणार ते मी पारखून नको घेऊ?

वहिनी : एकटी बसणार हे तू ठरवलंस. मी ठरवलेलं नाही.

बेबी : हिने काय ठरवलं होतं ते विचारा. कार्यक्रमच रद्द! तिकिटं गेली, हॉल भरला, आणि ही म्हणते, फोन करून सांगते मला ताप आलाय. मीच म्हटलं, चल, पेडल घेऊ. दुसरा पीस दाखवा हो तुम्ही. हिचं तोंड बघू नका.

दुकानदार : हा घ्या. हा जुन्या वळणाचा आहे. परत येणारा सूर जरा मऊ येतो, दर वेळी थोडा आणखी विरत जातो. वाजवा मॅडम.

वहिनी : अं... छान आहे की गं. कानाला टोचत नाही.

बेबी : पहिल्यांदा बोलतो, दुसऱ्यांदा पुटपुटतो, तिसऱ्यांदा झोपतो. वहिनी, हा दादा आहे.

वहिनी : अगं बाई, खरंच! जेवण झाल्यावर अगदी असेच बोलतात. ‘लाइट बंद कर... बंद कर गं... द कर...’

बेबी : एक घरात आहे तेवढा बास. दुसरा कशाला?

वहिनी : थट्टा पुरे. आता नीट सांग. हे बरं, की मघाचं? ऐक हं. हे... की हे? परत एकदा. हे... की हे?

बेबी : वहिनी, मी चष्म्याचा नंबर काढायला आलेली नाही.

दुकानदार : चष्म्याचा?

वहिनी : मी डोळे तपासते. दिवसभर माझं हेच चालतं, पहिली काच बरी की दुसरी. शेवटी माणसं कंटाळतात आणि सारखंच दिसतंय म्हणून मोकळी होतात.

बेबी : सारखंच दिसतंय.

वहिनी : बघा! तरी मी हिला नंबर लावून दिलाच होता.

दुकानदार : थांबा. तुम्हाला मी खरा माल दाखवतो. हा बघा. फोनसारखा पडदा आहे याला. सूर घुमवायला यात गुहा आहे, विहीर आहे, मोठा हॉल आहे, छोटा हॉल आहे. सूर उलटासुद्धा ऐकवतो.

बेबी : उलटा म्हणजे?

दुकानदार : शेवटचा सूर आधी, पहिला शेवटी.

बेबी : हे तर मी एका कार्यक्रमात केलंय. कोणाचं लक्षही गेलं नाही.

वहिनी : माझं गेलं होतं. पण मला एक सांगा, याला तालात बसवता येतं का?

दुकानदार : विचारता काय! हे दुसरं बटण पायाने तालात दाबा, तो तो ताल धरतो. मग त्याला फक्त सांगायचं, किती मागून यायचं. अर्धी मात्रा लावू?

बेबी : पाऊण.

दुकानदार : काय म्हणालात?

बेबी : पाऊण मात्रा. मी पाऊण मात्रा मागे असते. अर्ध्यावर लावलंत तर हिच्या पायात पाय येतील.

दुकानदार : बरं, पाऊण. घ्या, लावलं. वाजवा.

(वहिनी त्यांची नेहमीची धून वाजवते. पेडल मागून येत राहतं. धून संपते.)

दुकानदार : वा! क्या बात है! काय बसलंय! डोळे मिटले तर दोन माणसं वाजवताहेत असंच वाटतं.

बेबी : हो. वाटतं खरं.

दुकानदार : एकदासुद्धा पाऊल चुकलं नाही.

बेबी : नाही चुकलं.

वहिनी : बेबी.

बेबी : हाच घे वहिनी. बांधून द्या हो.

वहिनी : इकडे बघ आधी.

बेबी : काय बघायचंय? चांगला आहे. मधल्या त्या चढाच्या जागी मी नेहमी अडखळायचे, तिथे हा कसा सरळ निघून गेला! मला कधी जमलं नाही ते. घे आणि चल, माझे दोन ब्लाउज बेतायचे राहिलेत.

वहिनी : तू अजून एकही नाव ठेवलं नाहीस याला.

बेबी : ठेवायला जागा मिळाली नाही. शोधत होते. खरं सांगू? वाईट वाजावा अशी माझी फार इच्छा होती. म्हटलं, सगळे पीस वाईट निघतील, मी सगळ्यांना नाकं मुरडीन, आपण हसत हसत घरी जाऊ. आणि हा मेला चांगला वाजला.

वहिनी : माझीही तीच इच्छा होती.

बेबी : चल, काहीतरीच.

वहिनी : शपथ. तुला उगाच आणलं का मी? तुला काही पसंत पडणार नाही याची खात्री होती म्हणून आणलं. लग्न होऊन आले तेव्हापासून तुला एका फेरीत चप्पलसुद्धा पसंत पडलेली मी पाहिली नाही.

बेबी : मग आता?

वहिनी : आता मला हे नकोय. चांगलं वाजतंय म्हणून तर मुळीच नकोय. वाजवताना माझी मान आपोआप उजवीकडे, तुझ्या जागेकडे वळली, आणि तिकडे एक भिंत होती. मला रडू आलं असतं, या दुकानात, एवढ्या लोकांसमोर.

दुकानदार : मी एकटाच आहे, मॅडम.

वहिनी : तुम्ही एक असाल, पण आहात ना समोर!

बेबी : वहिनी, हट्ट करू नकोस. रद्द करायचं नाही म्हणजे नाही. हाताने मला दगा दिलाय, तुला नाही दिलेला. माझ्यापायी तू घरी बसलीस तर मला जेवण गोड लागेल का? सांग ना.

वहिनी : आणि तुला घरी बसवून मला लागेल?

दुकानदार : बायांनो... म्हणजे, मॅडम... पाणी आणू का?

बेबी : पाणी नको. तो वरच्या फळीवरचा डबा कसला आहे?

दुकानदार : तो? तो सोडा हो. जुनी गोष्ट आहे. मुलांना पायाशी छोटं छोटं हवं असतं, याने तर निम्मी जमीन अडते. नॉब बघा केवढाले. मीच कंटाळलोय त्याला.

बेबी : काढा खाली. वहिनी, तू एकदा यावर वाजव, मग निघू. निदान एकाला तरी पोटभर नावं ठेवू दे, त्याशिवाय मी दुकानाबाहेर पडायची नाही.

दुकानदार : हा काढला. अगं आई गं, वजन बघा. इथे काउंटरवरच राहू दे. डावा नॉब फिरवला की किती मागून ते ठरतं, उजवा फिरवला की किती वेळा. बस्स, बाकी काही नाही यात.

बेबी : रेडिओसारखे आहेत की. हे बघ, माझ्या या लुळ्या हातातसुद्धा मावतो एक. वाजव गं.

वहिनी : काय वाजवू?

बेबी : काहीही. डोळे पूस आणि वाजव... हं. ऐक, ऐक, कसा मागून मागून बोलतोय. आगाऊ कुठला. थांब, याचा कानच पिळते.

वहिनी : अगं! काय केलंस?

बेबी : मी? कान पिळला फक्त. तो बघ कसा केकाटला!

दुकानदार : मॅडम, मॅडम, सूर वाजत असताना तो नॉब फिरवायचा नाही. आधी लावून ठेवायचा. मध्येच फिरवला की सूर असा वरखाली ओढला जातो.

वहिनी : परत पीळ.

बेबी : अं?

वहिनी : परत कर म्हणते ना. मी ओळ वाजवते. तू थांब, आणि मग पीळ. हं...

बेबी : ऊंऽऽ करतोय बघ. आणि सोडला की कसा खाली घसरतो, लहान मूल कडेवरून उतरल्यासारखा! आता दुसरा कान बघू. हा वाढवला तर... अबब, किती माणसं आली! सगळी एकदम बोलायला लागली!

दुकानदार : कमी करा, कमी करा, माझा अँप जाईल!

बेबी : गप्प बसा रे सगळे. हे घ्या, बसली गप्प. वहिनी, तू थांबू नकोस ना!

वहिनी : मी कुठे थांबलेय? तू बोल. त्या ओळीला काय उत्तर देणार आहेस?

बेबी : हे.

वहिनी : आणि याला?

बेबी : याला काही नाही. याला मी गप्प राहणार. बघ, गप्प राहिलेलंसुद्धा ऐकू येतंय!

दुकानदार : पण मॅडम, हे असं वाजवत नाहीत. पेडल आहे हो ते, पायाने दाबायची वस्तू. गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. नॉब फिरवायला तो हात आणणार कुठून?

वहिनी : माझे गुंतलेत. हिचे मोकळे आहेत.

बेबी : वहिनी...

वहिनी : काय वहिनी? चुकीचं बोलले का?

बेबी : अगं, लोक काय म्हणतील? एक बाई वाजवतेय आणि दुसरी शेजारी बसून कान पिरगाळतेय.

वहिनी : नणंद-भावजय आहेत म्हणतील.

बेबी : गंमत नको गं. दुकानात खेळणं वेगळं, लोकांसमोर बसणं वेगळं. शनिवार आलाय तोंडावर. मला याच्यातलं ओ की ठो कळत नाही.

वहिनी : गिटारमधलं कळत होतं का पहिल्या दिवशी? सांगून टाक, तुला करावंसं वाटतंय की नाही? डॉक्टर, लोक, दादा, सगळे जरा बाजूला ठेव.

बेबी : वाटतंय. हात शिवशिवताहेत माझे. इतके दिवस हा हात मी पदराखाली लपवून फिरतेय, आणि आत्ता त्याच्याकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं. वाटतंय गं, फार वाटतंय.

वहिनी : मग बोलणं संपलं. आपली धून. अगदी पहिल्यापासून. अहो, तुमचं ते स्टूल द्या हिला, उभ्याने हिचे खांदे आखडतात.

दुकानदार : माझं स्टूल?

वहिनी : तुम्ही टेका ना भिंतीला जरा. हं, चल बेबी.

बेबी : हळू घे हं. हं... हं... इथे ओढते. इथे सोडते. इथे... अय्या, चुकलं!

वहिनी : माहितीये.

बेबी : तिथे ओढायचं नव्हतं. हात पुढे गेला. थांब, परत घेऊ.

वहिनी : मुळीच परत घ्यायचं नाही. किती दिवसांनी कोणीतरी चुकलं माझ्या मागे! कसं बरं वाटलं म्हणून सांगू. चल पुढे, त्या चढावर ये.

बेबी : चढावर मी याला वर वर नेते, आणि तू शेवटचा सूर सोडलास की मी एकटीच धरून ठेवते. धरू?

वहिनी : धर... धर... अजून धर... हं. आता सोड.

बेबी : सोडला.

दुकानदार : संपलं?

बेबी : संपलं. का हो? फार वाईट होतं का?

दुकानदार : नाही. मघाशी त्या पडद्यावाल्यावर मी वा म्हटलं ना, तसं आता म्हणवेना. इतकी वर्षं पेडल विकतोय, पण हे काही मी ऐकलेलं नव्हतं. तो डबा न्या तुम्ही. आणि जमिनीवर ठेवू नका, तुम्हाला सांगून ठेवतो.

वहिनी : जमिनीवर कशाला? टेबल असेल. हिच्यासमोर, मधोमध.

बेबी : मधोमध नको, लाज वाटेल. तुझ्या उजव्या बाजूला ठेव.

दुकानदार : एक विचारू का? शनिवारी मी आलो तर चालेल? म्हणजे तिकिटं संपली असतील तर राहू दे.

बेबी : संपलीत खरी. पण तुम्ही या. पहिल्या रांगेत दादाने माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवलीय. मला काही ती लागणार नाही.